पणजीत परिषदेसाठी येताय? आधी नदी बघा, मग हॉटेल

नदीपार (धागाकर्ता)

थंडीत गोव्यात परिषदांची रांग लागते आणि इथे तेच चार प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. म्हणून एकत्र लिहितो. भर पणजी आणि आसपासवर आहे. किनारे, पार्ट्या वगैरेंसाठी वेगळे धागे आहेत.

निमंत्रणपत्रावर नुसते 'गोवा' लिहिलेले असते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, दोनापावलाला. गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर, श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियमही तिथेच. कला अकादमी कांपालला, म्हणजे ऐन पणजीत. इथपर्यंत ठीक. पण बिट्स पिलानीचे गोवा संकुल झुआरीनगरला आहे, म्हणजे झुआरी नदीच्या पलीकडे, दाबोळी विमानतळाच्या शेजारी. ध्रुवीय संशोधनाची एनसीपीओआर वास्कोच्या हेडलँड सड्यावर. आयआयटी फर्मागुडीला, फोंड्याजवळ. एनआयटी कुंकळ्ळीला, मडगावच्याही दक्षिणेला. झुआरीपलीकडे परिषद आणि हॉटेल मात्र कळंगुटला, असे करणारे दरवर्षी निघतात. मग रोज सकाळी दोन नद्या ओलांडा.

पणजी मांडवी आणि झुआरी यांच्या मधल्या जिभेवर आहे. उत्तरेला मांडवी, पलीकडे पर्वरी, म्हापसा, कळंगुट, मोपा. दक्षिणेला झुआरी, पलीकडे दाबोळी, वास्को, मडगाव. किलोमीटर मोजू नका, पूल मोजा. परिषद ज्या काठावर, हॉटेल त्याच काठावर. एवढे पाळले तर निम्मा त्रास वाचतो.

आता विमानतळ. दोन आहेत आणि दोन्हींना लोक 'गोवा'च म्हणतात. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. मोपाहून जानेवारी २०२३पासून उड्डाणे सुरू झाली. पेडणे तालुक्यात आहे, पणजीपासून पस्तीसेक किलोमीटर. दाबोळी तीसच्या आत-बाहेर. आकडे जवळपास सारखे वाटतात, पण मोपाहून येताना म्हापसा, गिरी, पर्वरी ही सगळी गर्दी आणि मग मांडवीचा पूल. पर्वरीला उन्नत मार्गाचे काम काढल्यापासून तिथल्या वेळेचा भरवसा नाही. दाबोळीहून येताना डिसेंबर २०२२मध्ये खुला झालेला नवा झुआरी पूल आहे, त्यामुळे कुठ्ठाळीची जुनी कोंडी बरीच सुटली. दोनापावला, बांबोळी, ताळगाव या पट्ट्यात परिषद असेल आणि तिकीट दोन्हीकडचे मिळत असेल, तर दाबोळी घ्या. हजार-पाचशे जास्त गेले तरी टॅक्सीत आणि वेळेत वसूल होतात.

दाबोळीची एक मेख. तो मुळात नौदलाचा तळ आहे. कामाच्या दिवशी सकाळचा बराच वेळ धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखीव असते. म्हणून 'सकाळी नऊला उतरून दहाच्या उद्घाटनाला' हा बेत तिथे सहसा जमत नाही. आदल्या संध्याकाळी या. आणि धावपट्टीवर, विमानाच्या खिडकीतून फोटो काढू नका. तशी सूचना देतात आणि ती मनावर घ्यायची असते.

---

वऱ्हाडी_ठेचा

उपयुक्त धागा. आम्ही चार जण, डिसेंबरचा पहिला आठवडा, एनआयओत परिषद. नकाशात दोनापावला आणि वास्को अगदी समोरासमोर दिसतात, मध्ये बोटभर पाणी. वास्कोला हॉटेलं स्वस्त दिसतात. तिथं राहिलं तर चालेल का?

---

माडाखाली

ठेचाभाऊ, त्या बोटभर पाण्यावर पूल नाही आणि रोज ये-जा करता येईल अशी प्रवासी बोटही नाही. वास्कोहून निघून चिखली, कुठ्ठाळी, झुआरी पूल, आगशी, बांबोळी आणि मग दोनापावला. तीसेक किलोमीटरचा वळसा आहे. स्वस्त खोलीचे पैसे तीन दिवसांत टॅक्सीला जातील.

एनआयओसाठी मिरामार, करंजाळे, दोनापावला किंवा सरळ पणजी शहर. पणजीच्या कदंब (गोव्याची सरकारी बससेवा) स्थानकावरून मिरामारमार्गे दोनापावल्याच्या बसेस दिवसभर असतात. कंडक्टरला 'एनआयओ सर्कल' सांगा, तिथून संस्था पायी अंतरावर. अंतर सातेक किलोमीटर, पण साडेआठ ते साडेनऊ शाळा-कचेऱ्यांची गर्दी असते, म्हणून पाऊण तास हातात ठेवा.

आणि डिसेंबरचा पहिला आठवडा म्हणताय तर लक्षात घ्या: ३ डिसेंबरला जुने गोवे इथे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव असतो. त्या आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजच्या प्रार्थना. जुने गोवे, रायबंदर, करमळी या बाजूचे रस्ते पहाटेपासून भरलेले असतात, वाहतूक वळवतात. ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त, तेव्हा चर्च चौकाजवळ गाडी न्यायचा विचारही नको. त्याआधी २० नोव्हेंबरच्या सुमारास इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) सुरू होतो, २००४पासून तो पणजीतच असतो, आणि त्या आठ-नऊ दिवसांत कांपाल-पाटो भागात खोली मिळणे कठीण. खोल्या आत्ताच घ्या.

---

रूळावरचा

रेल्वेचे मी लिहितो.

'पणजी' नावाचे स्थानक नाही. तीन पर्याय आहेत: थिवी, करमळी, मडगाव. जवळचे करमळी, पणजीपासून बारा किलोमीटर. तरी डोळे मिटून करमळी घेऊ नका. स्थानक लहान आहे, दिवसा रिक्षा-टॅक्सी असते, रात्री दहानंतर उतरलात तर बाहेर काळोख आणि दोन कुत्री. रात्रीच्या गाडीला एक तर आधी टॅक्सी ठरवा, नाहीतर मडगावला उतरा, तिथे रात्रभर वर्दळ असते. दिवसा करमळीला उतरलात आणि सामान हलके असेल, तर जुने गोवे दोनेक किलोमीटरवर आहे. तिथून पणजीची बस सतत मिळते.

थिवी पणजीहून वीसेक किलोमीटर. स्थानकाबाहेरून बसने म्हापसा, म्हापशाहून पणजीची शटल. मुंबई-मडगाव वंदे भारत थिवीला थांबते, करमळीला थांबत नाही. तेजस उलट, करमळीला थांबते. तिकीट काढताना हे न बघितल्याने लोक मडगावपर्यंत जाऊन ३३ किलोमीटर परत येतात.

वंदे भारत पावसाळ्याबाहेर आठवड्यात सहा दिवस असते, शुक्रवारी नाही. शुक्रवारी परिषद संपवून 'दुपारच्या वंदे भारतने परत' असे ठरवणाऱ्यांनी तारीख पुन्हा पाहावी. पावसाळ्यात तीच गाडी तीन दिवसांवर येते आणि सगळ्या कोकण रेल्वेला वेगळे वेळापत्रक लागते, कारण दरडींमुळे वेग कमी ठेवतात. सुटण्याच्या वेळाही बदलतात, नुसत्या पोहोचण्याच्या नाही. म्हणून जून ते ऑक्टोबरच्या परिषदेला मागच्या हिवाळ्यातले वेळापत्रक डोक्यात धरून येऊ नका.

आरक्षण ६० दिवस आधी उघडते. कोकणकन्या आणि मांडवी या गाड्या हंगामात पहिल्या तासाभरात प्रतीक्षायादीत जातात, त्यामुळे परिषदेचा स्वीकारपत्राचा मेल येईपर्यंत थांबू नका. तिकीट काढा, नाही जमले तर रद्द करा. रद्द करण्याचे पैसे तत्काळच्या धावपळीपेक्षा कमीच पडतात.

मडगावला उतरल्यावर: कदंब बसस्थानक रेल्वे स्थानकाच्या शेजारी नाही, चारेक किलोमीटरवर आहे. तिथपर्यंत रिक्षा किंवा पायलट.

---

पोस्टरवाली

पायलट म्हणजे?

---

माडाखाली

दुचाकी टॅक्सी. पुढचे मडगार्ड पिवळे, नंबरप्लेटही पिवळी. परवानाधारक असतात. मागे बसायचे, भाडे बसण्याआधी ठरवायचे. एकट्या माणसाला पाठपिशवीसकट जायला याहून सोपे काही नाही. सूटकेस असेल तर सोडा. आणि ताई, पोस्टरची लांब नळी घेऊन पायलटवर बसू नका, मांडवीवरचा वारा आडवा येतो.

---

नदीपार

टॅक्सीबद्दल एकदाच लिहितो, कारण यावरून धागे भरकटतात.

गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. फोनमध्ये ॲप उघडून फिरणारे वर्तुळ बघत बसू नका. गोवा माइल्स हे ॲप चालते, सरकारचे गोवा टॅक्सी ॲपही आहे. दोन्ही घरूनच उतरवून, नोंदणी करून या. विमानतळावरची फुकट वायफाय ओटीपीच्या वेळी दगा देते. दोन्ही विमानतळांवर प्रीपेड खिडकी असते, तिथे पावती मिळते, जी बिलाला लागते. रात्रीचा दर वेगळा असतो.

रस्त्यावरच्या टॅक्सीला मीटर असला तरी भाडे बहुधा तोंडी ठरते. आधी ठरवा, 'परतीचे धरून की सोडून' हे विचारा, थांबण्याचे पैसे विचारा. रिक्षालाही तेच. काही हॉटेलांच्या दारात ॲपच्या गाडीला स्थानिक स्टँडवाले हरकत घेतात. मग वाद घालत बसण्यापेक्षा चालकाला मुख्य रस्त्यावर बोलवा, आपण पन्नास पावले चाला.

पहाटेच्या विमानासाठी आदल्या संध्याकाळी गाडी पक्की करा आणि चालकाचा नंबर घ्या. पहाटे चारला ॲपवर गाडी 'शोधत आहे' म्हणत राहील. पणजीहून मोपा, रस्ता रिकामा असला तर तास. दिवसा दीड धरा, शनिवार-रविवार संध्याकाळी त्याहून जास्त.

तिघे-चौघे असाल आणि रोज एकाच वेळी निघायचे असेल तर तीन दिवसांसाठी एकच गाडी सांगून ठेवा. सुट्या फेऱ्यांपेक्षा परवडते.

---

चाकोरी

बसचा कुणी नीट उल्लेख केला नाही म्हणून. कदंबच्या वातानुकूलित बसेस मोपा आणि दाबोळी दोन्हीकडून पणजीला आहेत. विमानाच्या वेळेशी जुळली तर एकट्याला याच उत्तम, सामानही मावते. टर्मिनलबाहेर कदंबचा फलक शोधा, पुढची बस कधी ते विचारा आणि मग टॅक्सीचा निर्णय घ्या. उलटा क्रम नको.

पणजी स्थानकावरून म्हापसा, मडगाव, वास्कोला विनाथांबा शटल असतात. बसमध्ये चढण्याआधी खिडकीवर तिकीट काढून रांगेत राहायचे. बाहेरून आलेले थेट बसमध्ये जाऊन बसतात आणि उतरवले जातात. संध्याकाळी रांग लांब दिसते, पण बस भरली की सुटते, रांग पटापट सरकते. रात्री आठनंतर मात्र बसेस आटतात, आणि खासगी बसेस त्याही आधी. परिषदेच्या रात्रीच्या जेवणानंतर बसने परतू, असा बेत करू नका.

खासगी बसमध्ये सुटे पैसे ठेवा.

---

वऱ्हाडी_ठेचा

भाड्याची स्कूटर घेतली तर? दोघांकडे लायसन्स आहे.

---

चाकोरी

घ्या, पणजी-दोनापावल्यासाठी चांगलीच. पण:

काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच गाडी घ्या, ती भाड्याने द्यायचा परवाना असलेली. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात देतात. पोलिसांनी धरले तर भुर्दंड तुम्हाला, आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. घेण्याआधी चारही बाजूंचे ओरखडे व्हिडिओत घ्या. मूळ आधारकार्ड अनामत म्हणून ठेवू नका, प्रत द्या. टाकीत पेट्रोल जेमतेम असते, पहिला थांबा पंपावर.

मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकी आणि तीनचाकींना बंदी आहे. तोच तो उंच, तारांचा, २०१९चा. नकाशाचे ॲप गाडीच्या प्रकारात 'कार' ठेवलेत तर तिकडेच पाठवते. प्रकार 'दुचाकी' करा आणि खालच्या पुलांवरून जा. चुकून चढलात तर मधे वळता येत नाही.

पणजीत पार्किंगची बोंब आहे. अठरा जून रस्ता आणि नदीकाठ दुपारनंतर भरतो. शनिवारी संध्याकाळी कॅसिनोंच्या धक्क्यांसमोर गाडी हलत नाही, तेव्हा आतल्या रस्त्यांनी जा.

---

पोस्टरवाली

पोस्टर घरूनच छापून न्यावे की पणजीत छापावे? ए-शून्य आकार आहे.

---

नदीपार

छापूनच आणा, कापडावर. ८४१ गुणिले ११८९ मिमीचा कापडी पोस्टर घडी घालून हातातल्या पिशवीत येतो. नळी विमानात कधी चालते, कधी दारात अडवतात, शेवटी ती सामानात जाते आणि चेपून येते. शिवाय कागदी पोस्टर इथल्या दमट हवेत कडांनी वळतो, चिकटपट्टीही सोडतो. फ्लेक्स जड पडतो आणि घडी मारली तर रेघ राहते.

पणजीत छापणारे आहेत, पण वेळेचे गणित वेगळे आहे. दुपारी एक ते साडेतीन-चार बरीच दुकाने बंद असतात, रविवारी जवळजवळ सगळीच. शनिवारी रात्री उतरून सोमवारी सकाळी पोस्टर लावायचा असेल तर तुमच्याकडे छपाईला शून्य तास आहेत. औषधे, चार्जर, एचडीएमआयचा जोड, हेही त्याच हिशेबात घ्या.

जेवणाचेही तसेच. तीननंतर बहुतेक खाणावळींचे चुलाण थंड, ते थेट सातच्या सुमारास पेटते. सत्र लांबले तर मधे चहा-पाव, भजीवर भागवायचे. संध्याकाळी गाड्यांवर रोस ऑम्लेट मिळते. मासे खाणाऱ्यांनी फिश थाळी दुपारीच घ्यावी, तेव्हा ताजी असते. जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात काय आहे ते विचारून घ्या.

---

बिलबहाद्दर

प्रवासभत्त्याचे कुणी लिहीत नाही, आणि परत गेल्यावर सगळे तेच विचारत बसतात.

केंद्र सरकारी खर्चाने विमान असेल तर तिकीट तीनच ठिकाणांहून: बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स, आयआरसीटीसी. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर शंभर रुपये कमी दिसले म्हणून काढलेत तर बिल परत येते. निघण्याच्या २१ दिवस आधी काढणे अपेक्षित आहे, ७२ तासांच्या आत काढले तर कारण लिहून द्यावे लागते. राज्य विद्यापीठांचे नियम वेगळे, आपल्या लेखा विभागाला निघण्याआधी विचारा. स्वस्त म्हणून मोपाचे तिकीट आणि परिषद झुआरीनगरला, तर टॅक्सीच्या रकमेवर शेरा येणारच. तिकीट काढतानाच 'दाबोळीचे उपलब्ध नव्हते' याचे पडद्यावरचे चित्र जपून ठेवा.

हॉटेल: साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी, वर १८. ७,६०० ची खोली आणि ७,४०० ची खोली यांतला खरा फरक दोनशेचा नाही, हे बुकिंगआधी बघा. बिलावर संस्थेचे नाव हवे असेल तर नोंद करतानाच सांगा, निघताना घाईत होत नाही. संस्था महाराष्ट्रात नोंदलेली असेल तर गोव्यातल्या हॉटेलवरच्या कराची वजावट तसेही मिळत नाही, त्यामुळे त्यावरून स्वागतकक्षाशी भांडू नका.

पायलट आणि रिक्षा पावती देत नाहीत. तारीख, कुठून-कुठे, रक्कम रोजच्या रोज लिहा, स्वयंघोषणेत तेच लागते.

---

रूळावरचा

आयोजक वाचत असतील तर: परदेशी वक्त्याला पर्यटक व्हिसावर बोलवू नका. ई-कॉन्फरन्स व्हिसा वेगळा आहे. त्याला आयोजकांचे निमंत्रणपत्र आणि परिषदेची मंत्रालयीन मंजुरी लागते. वक्ता अर्ज चार दिवसांत करील, मंजुरीचे काम मात्र तुमचे आणि ते काही महिने आधी सुरू करायचे असते. हॉटेलने परदेशी पाहुण्याचा फॉर्म सी २४ तासांत भरायचा असतो. घरगुती होमस्टेलाही तो नियम आहे आणि काहींना माहीत नसतो, म्हणून परदेशी पाहुण्याला तिथे ठेवण्याआधी विचारून घ्या.

---

वऱ्हाडी_ठेचा

सगळ्यांचे आभार. दाबोळीचं तिकीट, मिरामारला दोन खोल्या, काळ्या पाटीच्या स्कूटर. शेवटचं: शेवटच्या दिवशी अर्धा दिवस मोकळा आहे. समुद्रात डुंबायला मिरामार चालेल?

---

माडाखाली

नको. मिरामारला मांडवी समुद्राला मिळते, तळ आणि ओढ फसवी आहे. चालायला, सूर्यास्त बघायला छान. दोनापावल्याचा धक्का खडकाळ, तिथे पाण्यात उतरायचे नाही. लाल बावटा दिसला की कुठल्याच किनाऱ्यावर उतरू नका. उघड्यावर किनाऱ्यावर दारू पिणे हा गुन्हा आहे, आणि फक्त गोव्यात विक्रीसाठीच्या बाटल्या महाराष्ट्रात न्यायला मनाई आहे, नाक्यावर गाड्या तपासतात.

अर्धा दिवस असेल तर सकाळी रायबंदरला जा. चोडणची फेरी मिळते, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, पलीकडे सलीम अली पक्षी अभयारण्य. भरतीला खारफुटीत पाणी असते तेव्हा होडीने आत जाता येते, म्हणून आधी भरतीची वेळ बघा. नाहीतर जुने गोवे: बॉम जेझस चर्चमध्ये आखूड चड्डी, बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत. पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद. पणजीतल्या मळा-फोंतेन्यश या जुन्या वस्तीतली रंगीत घरे बघायची तर बघा, पण तिथे माणसे राहतात, कुणाच्या ओसरीवर चढून फोटो नको.

आणि निघायच्या दिवशी सामान स्कूटरच्या पायाशी ठेवून दाबोळीला जाऊ नका. स्कूटर पणजीतच परत करायची असते.

---

वऱ्हाडी_ठेचा

हे बरं सांगितलंत, नेमका तोच बेत होता.